भूत हवं, पण त्याचा हिशेब नको

गॉथिक प्रेमकादंबरी, म्हणजे भुताखेतांच्या आणि गूढ घरांच्या छायेतली प्रेमकथा, फसली की वाचकांच्या बहुधा दोनच तक्रारी असतात. भीती वाटली नाही, किंवा शेवट घाईत उरकला. दोन्ही रास्त असतात, पण चूक त्याच्या बरीच आधी झालेली असते. अमानवी प्रियकर, शापित घर, कुलूपबंद खोली, अकाली मेलेली पहिली बायको अशी सगळी मांडणी करून कादंबरी ज्या पानावर ठरवते की नायकाला कशाचाच जाब द्यावा लागणार नाही, त्या पानावर ती खरी संपते. पुढची दोनशे पानं मग वादळं, मेणबत्त्या आणि उसासे यांनी भरावी लागतात.

एखाद्याच पुस्तकाचं असं झालं असतं तर त्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण अमानवी नायकाची प्रेमकथा आज प्रचंड प्रमाणात लिहिली, छापली आणि वाचली जाते. वाचणाऱ्यांत तरुण मुली आणि स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. आणि या पुस्तकांबद्दल बोलताना समीक्षा दोनच सूर लावते. एक सूर ‘असलं काय वाचायचं’ असा नाक मुरडण्याचा. दुसरा ‘मनोरंजनच तर आहे, कशाला चिरफाड’ असा समजूतदारपणाचा. मला दोन्ही सारखेच अपमानकारक वाटतात, कारण दोन्हींमध्ये पुस्तक नीट वाचण्याच्या लायकीचं नाही हे गृहीत धरलेलं असतं. मी हा प्रकार प्रेमाने वाचते. म्हणूनच त्याच्याकडून कमी अपेक्षा ठेवायला मी तयार नाही.

या प्रकाराची सुरुवात ज्या पुस्तकापासून मानतात ते होरेस वॉलपोलचं ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’. १७६४च्या डिसेंबरात ते टोपणनावाने निघालं, एका जुन्या इटालियन ग्रंथाचं भाषांतर असल्याची बतावणी करत. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत वॉलपोलने ते आपलं असल्याचं मान्य केलं आणि ‘गॉथिक कथा’ असं उपशीर्षक दिलं. कथा सुरू होते लग्नाच्या दिवशी. नवरामुलगा कॉनराड एका अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो. त्याचा बाप मॅनफ्रेड शोक करत बसत नाही. वंश चालला पाहिजे म्हणून बायकोला सोडून मुलाच्याच नियोजित वधूशी, इझाबेलाशी, लग्न करायला निघतो. ती किल्ल्याखालच्या भुयारातून पळ काढते. लग्न, प्रेत आणि पळणारी मुलगी, तिन्ही गोष्टी पहिल्याच प्रकरणात आहेत.

वॉलपोलची कारागिरी आज ओबडधोबड वाटते. पण एक गोष्ट त्याला पक्की कळली होती. ते शिरस्त्राण आकाशातून उगाच पडलेलं नाही. मॅनफ्रेडच्या आजोबाने आपल्या धन्याला, अल्फोन्सोला, विष घालून मारलं होतं आणि खोटं मृत्युपत्र करून त्याची सत्ता बळकावली होती. किल्ल्यात वावरणारं भूत म्हणजे त्या वास्तूचा खरा मालक. ते हक्क मागायला आलेलं आहे आणि हक्क मिळेपर्यंत मोठं होत जातं, इतकं की शेवटी किल्ल्याच्या भिंती कोसळतात. प्रेमकथेचं काय होतं? खरा वारस थिओडोर याचं प्रेम मॅनफ्रेडच्या मुलीवर, मटिल्डावर असतं. तिला तिचा बापच चुकून भोसकतो. अखेरीस थिओडोर इझाबेलाशी लग्न करतो, कारण गेलेल्या मटिल्डाबद्दल तिच्याशी बोलत राहता येईल. म्हणजे या परंपरेच्या पहिल्याच पुस्तकात भूत हा थकलेल्या हिशेबाचा धनी आहे, आणि पणजोबाचा गुन्हा पणतीच्या जिवावर फिटतो.

तीस वर्षांनी, १७९४ साली, ॲन रॅडक्लिफचं ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ आलं. तिची भुतं शेवटी खोटी निघतात. पडद्यामागे काय होतं त्याचा उलगडा ती करून देते. खरा असतो तो मोंटोनी. तो नायिका एमिलीच्या आत्याशी लग्न करतो, तिला दूरच्या किल्ल्यात नेतो आणि तिची मिळकत आपल्या नावावर करून घेण्यासाठी छळतो. ती मेल्यावर तेच कागद घेऊन एमिलीच्या मागे लागतो. हे वाचणाऱ्या इंग्रज स्त्रियांना किल्ला परका होता, कागद ओळखीचे होते. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालं की बायकोचा पैसा आणि जंगम चीजवस्तू नवऱ्याची होई, जमिनीचा ताबाही त्याच्याकडे जाई. ही स्थिती बदलायला १८७०चा आणि मग १८८२चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा यावा लागला. तेव्हा ‘या माणसाशी लग्न केलं तर माझं काय होईल’ हा प्रश्न कल्पनेतला नव्हता. गॉथिक कादंबरीने तो किल्ल्यात नेऊन मोठ्या आवाजात विचारला, एवढंच.

रॅडक्लिफच्या मृत्यूनंतर, १८२६ मध्ये, तिचा एक निबंध छापला गेला. त्यात तिने भयाचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. एक भय माणसाचा आत्मा विस्तारतं, त्याच्या साऱ्या शक्ती जाग्या करतं. दुसरं, उघडीवाघडी भीषणता, त्याला आक्रसून गोठवून टाकते. पहिल्यात अनिश्चितता असते, दुसऱ्यात सगळं समोर मांडलेलं असतं. आजच्या फसलेल्या कादंबऱ्या या फरकावर हमखास अडखळतात. त्यांना नायकाबद्दल अनिश्चितता ठेवायची भीती वाटते, वाचकाचं त्याच्यावरचं प्रेम कमी होईल म्हणून. मग भय येणार कुठून? एखादा रक्ताळलेला प्रसंग, एखादा मेलेला पक्षी, आरशात दिसलेला चेहरा. नायिकेच्या मनातली शंका ही या प्रकाराची खरी इंधनशक्ती, आणि नेमकी तीच पहिल्या शंभर पानांत विझवून टाकलेली असते.

अमेरिकन लेखिका आणि समीक्षक जोआना रस हिने १९७३ साली त्या काळच्या स्वस्त गॉथिक पुस्तकांवर एक निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकाचा मथितार्थ असा: कोणीतरी मला मारायला टपलंय, आणि मला वाटतं तो माझा नवराच आहे. मुखपृष्ठावर रात्रीच्या वेळी घरापासून दूर पळणारी बाई आणि मागे एकाच खिडकीत दिवा, अशी ती पुस्तकं असत. फारशी उच्च कलाकृती नव्हेत. तरी शंका त्यांच्यात जिवंत होती. ज्याच्या मिठीत शिरावंसं वाटतं त्याच्याच हातून मरण येईल का, हे वाचकाला बराच वेळ कळत नसे.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे. प्रेमकथा आणि हिशेब एकत्र नांदू शकत नाहीत, गोड शेवट हवा तर नायकाला सोडून द्यावंच लागतं, असं पुष्कळ लेखक मानतात. शार्लट ब्राँटीने १८४७ मध्येच याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. ‘जेन एअर’मधली जेन ही वर्षाला तीस पौंडांवर काम करणारी शिक्षिका आहे. मालक रोचेस्टर तिच्यावर प्रेम करतो, तीही त्याच्यावर करते. लग्न लागत असतानाच भर चर्चमध्ये कळतं की त्याची पहिली बायको जिवंत आहे आणि वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे. इथे बहुतेक नवे लेखक काय करतील? नायकाला एक लांबलचक भाषण देतील, ती बाई किती भयंकर होती ते सांगतील, नायिका रडेल आणि समजून घेईल. ब्राँटीचा रोचेस्टर ते भाषण करतो. जेनला त्याची दयाही येते. आणि तरी ती त्या घरातून निघून जाते, उपाशी भटकते, उंबरठ्यावर कोसळते. पुढे तिला वीस हजार पौंडांचा वारसा मिळतो, तो ती चार भावंडांत सारखा वाटते. स्वतःच्या पैशावर उभी राहिल्यानंतरच ती परत जाते. तोवर घर जळालेलं असतं, रोचेस्टरची दृष्टी आणि एक हात गेलेला असतो.

त्या पुस्तकात निर्विवाद अमानवी म्हणावी अशी घटना जवळपास एकच आहे. कित्येक मैलांवरून रोचेस्टरची हाक जेनला ऐकू येते. त्याच रात्री त्याने ती खरोखर मारलेली असते, हे नंतर कळतं. जेन हे त्याला सांगतसुद्धा नाही, स्वतःजवळ ठेवते. चमत्कार एकदाच, आणि तो येतो तेव्हा दोघांनीही बरंच काही गमावलेलं असतं. म्हणून तो पटतो. प्रत्येक प्रकरणात दिवे विझवणाऱ्या, दारं आपटणाऱ्या कादंबरीत अशी एक हाक ऐकू येण्याइतकी शांतताच उरलेली नसते.

अर्थात ब्राँटीचाही हिशेब पूर्ण नव्हता. वरच्या मजल्यावरच्या बाईला त्या पुस्तकात बोलू दिलेलं नाही. ती ओरडते, चावते, आग लावते, मरते. जीन ऱ्हीसने १९६६ मध्ये ‘वाइड सरगॅसो सी’ लिहून तिची बाजू मांडली. जमैकातली क्रिओल, म्हणजे तिथेच जन्मलेली गोऱ्या वसाहतवाल्यांच्या वंशातली, मुलगी अँटोनेट, तिच्या पैशासाठी ठरवलेलं लग्न, तिचं नावही बदलून टाकणारा नवरा. एकशे एकोणीस वर्षांनी कोणीतरी उरलेली बाकी मागायला आलं. मला हे या परंपरेचं मोठेपण वाटतं. इथे एका पुस्तकात दडपलेली बाई दुसऱ्या पुस्तकात परत येते. आजच्या अमानवी प्रेमकादंबऱ्यांत पहिल्या बायकांची रांग असते. चित्रातून पाहणाऱ्या, आरशातून खुणावणाऱ्या, डायरीत दोन वाक्यं सोडून गेलेल्या. नव्वद टक्के पुस्तक संपल्यावर त्यांच्यावर काय ठपका येतो ते पाहा. ती मत्सरी होती, ती वेडी होती, तिने शाप दिला. बाई मेलेली असली तरी दोष तिचाच. हे वाचून भीती वाटायला हवी, पण कादंबरीला वाटतं की आपण गुंता सोडवला.

नायकाला सोडून दिल्याने नेमकं काय जातं, हे एका बदलातून लख्ख दिसतं. डॅफ्नी द्यू मोरिएच्या ‘रेबेका’त, १९३८च्या या कादंबरीत, भूत एकही नाही. तरी मेलेली रेबेका घराच्या कणाकणात आहे. निवेदिकेला स्वतःचं नावसुद्धा नाही. आपण फक्त दुसरी बायको म्हणून तिला ओळखतो. मग कळतं की नवऱ्यानेच रेबेकाला गोळी घालून मारलं. आणि ते ऐकून या तरुण मुलीला काय वाटतं? सुटका झाल्यासारखं. त्याचं रेबेकावर प्रेम नव्हतं, एवढीच गोष्ट तिच्यापर्यंत पोचते. वाचक हादरतो, कारण त्या क्षणी तोही तिच्याबरोबर सुटकेचा श्वास सोडतो आणि मग आपण कशावर खूश झालो हे त्याला उमगतं. १९४०च्या हिचकॉकच्या चित्रपटात हॉलिवूडच्या तेव्हाच्या नियमावलीमुळे खुनी नवरा मोकळा सुटलेला दाखवणं शक्य नव्हतं, म्हणून तिथे रेबेका पडून, डोक्याला मार लागून मरते. चित्रपट अप्रतिम आहे. पण एका दुरुस्तीत निवेदिकेच्या प्रेमातलं विष काढून टाकलं गेलं. पुस्तकात ती एका खुन्याची साथीदार होते. पडद्यावर ती एका दुर्दैवी माणसाची खंबीर बायको होते. तिथे ही दुरुस्ती बाहेरून लादलेली होती. आज लेखक ती आपणहून करतात.

आता आपल्या काळातलं सर्वांत वाचलं गेलेलं उदाहरण. स्टेफनी मेयरच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेची (पहिलं पुस्तक २००५) चेष्टा करणं सोपं आहे आणि ती पुष्कळ झालीही. मला त्यात रस नाही, कारण तिची मूळ कल्पना विलक्षण ताकदीची आहे. नायक एडवर्ड रक्तावर जगणारा व्हॅम्पायर आहे, आणि नायिका बेलाच्या रक्ताचा वास त्याला इतर कुणाहीपेक्षा अनावर करतो; म्हणजे ज्या कारणाने तो तिच्याकडे ओढला जातो, त्याच कारणाने तो तिला मारू शकतो. प्रेम आणि शिकार यांच्यातली रेघ त्या पुस्तकात सुरुवातीला खरोखर पुसट आहे. पुढच्या पुस्तकांत एकेक किंमत लिहून ठेवलेली आहे. ती त्याच्यासारखी झाली तर नव्या व्हॅम्पायरची तहान तिला वेडंपिसं करील. आईवडिलांना सोडावं लागेल. मूल कधीच होणार नाही. त्याच्या घरातली रोझाली हे दुःख उगाळून सांगते. तिच्यावर प्रेम करणारा दुसरा मुलगा, जेकब, कायमचा दुरावेल. आणि व्हॅम्पायरांवर राज्य करणारी व्होल्टुरी नावाची सत्ता आहेच, जिच्याशी गाठ टळणार नाही.

चौथ्या पुस्तकात, २००८च्या ‘ब्रेकिंग डॉन’मध्ये, यातली जवळजवळ प्रत्येक किंमत परत दिली जाते. बदलण्याआधीच तिला मूल होतं. बदलल्यावर पहिल्याच शिकारीत ती माणसाचा वास येऊनही स्वतःला आवरते. वडील दुरावत नाहीत. जेकबचं मन तिच्या नवजात मुलीशी जोडलं जातं आणि तोही कुटुंबातच राहतो. दोन्ही बाजूंचं सैन्य बर्फात समोरासमोर उभं राहतं, आणि मोठी लढाई न होताच परत जातं. २०१२च्या चित्रपटात भविष्यदर्शनाच्या रूपाने एक लढाई घालण्यात आली. त्यात महत्त्वाची पात्रं मरतात आणि मग ते घडलंच नाही असं कळतं. ही पोकळी चित्रपट करणाऱ्यांनाही जाणवली असावी, असं मला वाटतं.

या शेवटाचं समर्थन असं केलं जातं की नायिकेला सगळं मिळालं तर बिघडलं कुठे? पुस्तकांतल्या बायकांनी कायम गमावतच राहायचं का? हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. बायकांना शिक्षा करणाऱ्या कथांचा मलाही कंटाळा आहे. पण इथे तिला मिळालं ते तिच्या निवडीमुळे नाही. तीन पुस्तकं ती म्हणत होती की मी किंमत देईन, मला माहीत आहे मी काय करतेय. तिचं धैर्य त्या वाक्यात होतं. किंमतच रद्द झाल्यावर ते धैर्यही रद्द होतं. जेन रिकाम्या हाताने निघाली म्हणून तिचं परत येणं ही निवड ठरली.

टोनी मॉरिसनची ‘बिलव्हेड’ (१९८७) कोणी प्रेमकादंबरीच्या फळीवर ठेवत नाही, पण या लेखात ती यायलाच हवी. १८५६ साली मार्गारेट गार्नर नावाच्या, गुलामीतून पळालेल्या आईने पकडली जाताना आपल्या मुलीला मारलं. त्या सत्य घटनेवरून ही कादंबरी सुचली. अशीच आपल्या मुलीला मारलेल्या सेथच्या घराला त्या बाळाच्या भुताने पछाडलेलं आहे. जुना ओळखीचा पॉल डी येतो, आरडाओरडा आणि मोडतोड करून भुताला हाकलून देतो, आणि ती दोघं जवळ येतात. साध्या अमानवी प्रेमकादंबरीचा हा शेवट झाला असता: प्रियकर आला, घर शांत झालं. मॉरिसनची कादंबरी इथे सुरू होते. हाकलून दिलेली मुलगी हाडामांसाची तरुणी होऊन दारात येऊन बसते. प्रियकराच्या येण्याने जुना हिशेब मिटत नाही, उलट अंगावर येतो; आणि तरीही अखेरीस पॉल डी परत येतो, सेथला सांगतो की तूच तुझी सर्वांत मोलाची वस्तू आहेस. मला याहून खरी प्रेमाची कबुली कोणत्याही गॉथिक पुस्तकात आठवत नाही.

अशा उंचीशी तुलना करणं अन्याय आहे, असं म्हणता येईल. मग साधं, रोजचं कथाबीज घेऊ. हे कुठल्या एका पुस्तकाचं नाही, पण या प्रकाराच्या वाचकाला ओळखीचं वाटेल. कड्यावरच्या एकाकी घरातला ग्रंथसंग्रह नोंदवायला एक तरुणी येते. रात्री तिथे तिला एक पुरुष भेटतो. तो सत्तर वर्षांपूर्वी मेलेला आहे, आणि हे त्याला माहीत नाही. केवढी सुंदर कल्पना आहे ही! तिला ते त्याला सांगावं लागेल. प्रेम असलेल्या माणसाला ‘तू मेलायस’ असं कसं सांगायचं? सांगितलं तर तो नाहीसा होईल का? न सांगता त्याच्याबरोबर राहिली तर ती फसवणूक नाही का? तिचं वय वाढणार, त्याचं नाही. आणि इतक्या वर्षांत तिच्याआधी कुणी त्या खोलीत आलंच नव्हतं? त्यांच्याशीही तो असंच बोलला असेल?

आता अशी पुस्तकं सहसा कुठे जातात ते पाहा. साधारण मध्यावर एक डायरी सापडते. तिच्यात लिहिलेलं असतं की तो निर्दोष होता, अपराध चुलतभावाचा होता. म्हणजे शंकेला जागा उरली नाही. मग मांत्रिक नियमांची गर्दी सुरू होते. प्रेमप्रसंगात त्याला स्पर्श करता येतो, ती जिन्यावरून पडताना येत नाही. नियम प्रसंगाच्या सोयीने बदलले की धोका कुठेच उरत नाही. नायिकेचं स्वतःचं आयुष्य एव्हाना गळून गेलेलं असतं. तिला फोन करणारं कोणी नाही, ग्रंथांची नोंद तर कधीच थांबली. शेवटी अस्थी सापडतात, अंगठी परत ठेवली जाते, आणि तो जिवंत होतो. इथे मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. जिवंत आणि मृत यांच्यातलं प्रेम शक्य आहे का, हा प्रश्न घेऊन मी पुस्तक उघडलं होतं. उत्तर मिळतं की तो मृत नसता तर शक्य होतं. हे तर सुरुवात न करताही माहीत होतं. आणि ‘तू मेलायस’ हे वाक्य, ज्यासाठी सगळी कादंबरी लिहायला हवी होती, ते डायरी परस्पर सांगून टाकते. नायिकेच्या तोंडून ते कधी निघतच नाही.

मनोरंजनाच्या पुस्तकावर एवढा भार कशाला, या आक्षेपाचं वजन मी कमी लेखत नाही. त्यामागे एक जुना, खरा राग आहे. बायका कादंबऱ्या वाचून बिघडतात, त्यांना खरं-खोटं कळत नाही, असं दोन शतकांहून अधिक काळ सांगितलं जात आहे. धोकादायक नायक आवडणाऱ्या वाचकाला तो आयुष्यात हवा असतो असं मी म्हणत नाही. सुरक्षित जागी बसून भय अनुभवण्याची इच्छा निरोगी आहे. जेन ऑस्टेनची ‘नॉर्थँगर ॲबी’, तिच्या मृत्यूनंतर १८१७च्या अखेरीस प्रसिद्ध झालेली, या वाचनवेडावर हसते खरी. नायिका कॅथरीन गॉथिक पुस्तकं वाचून समजते की ती ज्याच्या घरी पाहुणी आहे त्या जनरल टिल्नीने बायकोचा खून केला असावा. ते साफ चूक ठरतं. पण ही मुलगी आपल्याला वाटली तेवढी श्रीमंत नाही असं कळताच तोच जनरल तिला एकटीला लांबच्या प्रवासाला घराबाहेर काढतो. खून झाला नव्हता, पण माणूस कसा आहे हे तिच्या भीतीने बरोबर ओळखलं होतं. वाचणारी बाई मूर्ख नसते, तिच्या शंकेला काहीतरी दिसलेलं असतं. तिच्या शंकेला जागा न देणारी कादंबरी तिला जास्त कमी लेखते, माझ्यासारखी तक्रार करणारी वाचक नव्हे.

गोड शेवटाचं बंधन ही दुसरी सबब. अमेरिकेतल्या प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेने या प्रकाराची व्याख्या करताना दोन गोष्टी मागितल्या: मध्यवर्ती प्रेमकथा, आणि भावनिक समाधान देणारा, आशावादी शेवट. या व्याख्येत नायक निर्दोष असावा असं कुठे आहे? नायिकेने शंका घेऊ नये, पहिली बायको दुष्ट असावी, मेलेला जिवंत व्हावा, असंही नाही. आशावादी शेवट म्हणजे काहीच न घडल्यासारखा शेवट नव्हे. ब्यूटी अँड द बीस्टची गोष्ट मादाम द बोमाँने १७५६ मध्ये मुलींसाठी लिहिली, तिच्यातला बीस्ट दर संध्याकाळी लग्नाचं विचारतो आणि ब्यूटी दर संध्याकाळी नाही म्हणते. सगळी सत्ता त्याच्या हाती असूनही तो नकार ऐकतो, आणि उद्या पुन्हा नकार ऐकायला येतो. गोड शेवटाची तयारी तिथे चाललेली असते. तिच्या नकळत तिच्या खोलीत उभा राहणारा, तिच्या भल्यासाठी तिच्यापासून सत्य लपवणारा आजचा नायक हे कष्ट घेत नाही, आणि कादंबरीही त्याच्याकडून ते मागत नाही.

मला वाटतं, या सगळ्याच्या मुळाशी पुस्तक विकण्याची पद्धत आहे. कथाबीज एका ओळीत सांगायचं, खाली खुणा द्यायच्या: शापित घर, अमर नायक, शत्रूंचं प्रेम, एकच पलंग. वाचक खुणा पाहून पुस्तक उचलतो आणि परीक्षणातही खुणांचीच हजेरी घेतली जाते. वातावरण छान, नायक गूढ, चार तारे. कल्पना कुठवर नेली, हे कोणी विचारत नाही, मग लेखकाने ती न्यावी तरी कशाला? संपादकाला शेवटाची घाई दिसते, पण मधली डायरी दिसत नाही, कारण डायरीमुळे कथा सुरळीत पुढे सरकते. परीक्षण लिहिणाऱ्यांनी इथे हात आखडता घेऊ नये. घराचा गुन्हा कोणता होता, तो कोणी केला, आणि नायिकेला तो कळल्यावर तिने काय केलं, हे शेवट न फोडताही सांगता येतं. पुस्तकात या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नसेल तर तसं छापावं, तारे कितीही द्यायचे ठरले असले तरी.